उतार किती अंशांचा, हा प्रश्न नंतरचा

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या आणि त्यांचे पती घरासाठी डोंगरउतारावरची एक जागा घेण्याच्या बेतात आहेत. समोर दरीचे मोकळे दृश्य आहे, रस्ता वरच्या अंगाने जातो आणि रस्त्यापासून जमीन झपाट्याने खाली उतरते. मोबाइलवरच्या ॲपने त्यांनी उतार मोजला, तो अठ्ठावीस ते तीस अंश भरला. ठेकेदाराचे म्हणणे असे की वरच्या बाजूने कापून तीच माती खालच्या बाजूला टाकली की घरापुरती सपाटी मिळेल, खालच्या कडेला भक्कम भिंत घातली की काम झाले, आणि दोन फुटांवर कातळ लागत असल्यामुळे काळजीचे कारणच नाही. शेजारच्या जागेतले घर वीस वर्षे जागचे हललेले नाही, हा त्याचा आणखी एक दाखला. जागा पाहायला सोबत गेलेल्या सासऱ्यांना मात्र रस्त्याच्या खालच्या अंगाला, गवतात, बोटभर रुंदीची एक वाकडी भेग दिसली, आणि तेव्हापासून त्यांचे मन घेत नाही. विकणाऱ्याने ‘ऊन लागून माती तडकली आहे’ असे सांगितले. ‘किती अंशांपर्यंतचा उतार घरासाठी सुरक्षित मानतात? आणि त्या भेगेचा आम्ही उगाच बाऊ करत आहोत का?’ असे या भगिनींनी विचारले आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर लवकर देता येते आणि ते तुमच्या सासऱ्यांपर्यंत पोहोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुम्ही बाऊ करत नाही आहात. त्या जागेविषयी ठेकेदाराने, विकणाऱ्याने आणि मोबाइलने मिळून जेवढे सांगितले, त्यापेक्षा गवतातली ती एक भेग अधिक सांगते आहे. भेग दिसली म्हणजे दरड कोसळणारच असे नव्हे. चिकणमाती वाळली की तडकते, हे विकणाऱ्याचे म्हणणे आपल्या जागी खरे आहे. पण वाळल्याने पडणाऱ्या भेगा जाळीसारख्या असतात, त्या चारी दिशांना फुटतात आणि पाऊस पडला की बहुधा मिटतात. उताराला आडवी जाणारी, चंद्रकोरीसारखी वाकलेली एकटी भेग वेगळी. तिची खालची कड वरच्या कडेपेक्षा नखभर जरी खचलेली असेल, तर खालची जमीन वरच्या जमिनीपासून सुटू पाहते आहे, असा त्याचा अर्थ लावावा लागतो. तुमच्या पत्रात ‘वाकडी’ हा शब्द आहे, ‘जाळीदार’ नाही. म्हणून मी ती गंभीरपणे घेतो आहे. त्या भेगेचे नेमके काय करायचे ते शेवटी सांगतो.

आता अंशांबद्दल. आधी एक छोटी खबरदारी: काही ॲप अंश दाखवतात, काही टक्के, आणि दोन्हींत मोठा फरक आहे. शंभर टक्के उतार म्हणजे नव्वद नव्हे, पंचेचाळीस अंश. तीस अंश म्हणजे जवळपास अठ्ठावन्न टक्के. तुमचा आकडा अंशांतलाच आहे असे धरून चालतो. पण तो आकडा अचूक असला, तरी त्याच्या एकट्याच्या जोरावर ‘बांधा’ किंवा ‘बांधू नका’ असे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. अखंड, न भेगाळलेल्या खडकाचे कडे शतकानुशतके उभेच्या उभे राहतात. उलट काही चिकणमातीचे उतार दहा अंशांवरूनही सरकलेले आहेत. कोरडी, सुटी वाळू साधारण तीस ते पस्तीस अंशांपर्यंत ढीग धरते, त्याहून उभी टाकली तर ओघळते. म्हणजे तुमचे तीस अंश एका जागी अगदी निर्धास्त असतील आणि शंभर पावलांवर धोक्याचे.

उतारावरच्या मातीला तिचे स्वतःचेच वजन खाली ओढत असते, आणि कणांमधले घर्षण व मातीचा चिकटपणा तिला धरून ठेवत असतात. धरणाऱ्या बळाला ओढणाऱ्या बळाने भागले की जो आकडा येतो, त्याला अभियंते सुरक्षा गुणांक म्हणतात. तो १ वर आला की उतार सुटण्याच्या काठावर असतो. कायमच्या बांधकामासाठी तो १.५ च्या आसपास असावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पण निसर्गातले कितीतरी उतार १.१ किंवा १.२ वरच उभे असतात, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते १.५ च्या उताराइतकेच निश्चल दिसतात. म्हणून ‘उतार किती अंशांचा?’ यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा: हा उतार आज कशाच्या जोरावर उभा आहे, आणि घर बांधताना आपण त्यातले काय काय काढून घेणार आहोत? तुमच्या पत्रातली प्रत्येक गोष्ट मी याच प्रश्नापुढे ठेवून पाहतो आहे.

सर्वांत आधी पाणी, कारण उतार निसटण्याच्या बहुतेक घटनांच्या मुळाशी तेच असते. पाण्याने माती ‘जड होते’ एवढेच आपण समजतो. ते खरे आहे, पण मुख्य कारण ते नाही. गरम पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर पालथा घातला, तर तो कोणी न ढकलताही सरकत जातो, हे तुम्ही पाहिले असेल. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि पेल्याचा काही भार आपल्यावर घेते. काठाचा ओट्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की घर्षणही कमी होते. मातीच्या कणांमधल्या पोकळीत कोंडलेले पाणी नेमके हेच करते. अभियंते कार्ल टेर्झागी यांनी १९२५ मध्ये मृदा-यांत्रिकीचा, म्हणजे मातीच्या ताकदीच्या शास्त्राचा, जो पाया घातला, त्याचे मर्म हेच आहे की मातीची ताकद तिच्यावरच्या एकूण दाबावर नसते. त्यातून पाण्याचा दाब वजा जाऊन कणांकणांमध्ये जो दाब उरतो, त्यावर ती असते. याचा परिणाम किती मोठा असावा? कोरडी असताना बत्तीस अंशांवर जेमतेम टिकणारी वाळूसारखी माती पृष्ठभागापर्यंत पाण्याने भरली आणि ते पाणी उताराच्या दिशेने वाहू लागले, तर ती सतरा-अठरा अंशांच्या पुढे टिकत नाही. उताराची सहनशक्ती जवळजवळ निम्मी होते. तुम्ही जागा कोरड्या दिवसांत पाहिली असेल, तर तुम्ही निम्मीच जागा पाहिली आहे.

आता घराच्या वजनाकडे येतो, कारण ‘डोंगराला घराचे ओझे झेपेल का?’ ही काळजी जवळपास सगळ्यांना असते आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. काँक्रीटच्या चौकटीच्या घराचा एक मजला, भिंती आणि वापराचे सामान धरून, दर चौरस मीटरला साधारण एक ते सव्वा टन भरतो. दोन मजल्यांचे झाले दोन ते अडीच टन. आणि भरावाची माती? एक घनमीटर माती साधारण एक टन आठशे किलो. म्हणजे खालच्या बाजूला नुसता दोन मीटर भराव टाकला, तरी दर चौरस मीटरला साडेतीन टनांहून अधिक ओझे पडते. तुमच्या दोन मजली घरापेक्षा त्याच्या अंगणाखालचा भराव जड असणार आहे! ठेकेदाराच्या योजनेत वरच्या बाजूने माती कापायची आहे, म्हणजे त्याहून वरच्या जमिनीचा आधार काढून घ्यायचा. आणि ती खालच्या बाजूला टाकायची आहे, म्हणजे जिथे उतार आधीच ओढ खातो आहे तिथे ओझे वाढवायचे. एकाच कामात दोन्ही बाजूंनी तोटा. शिवाय कापलेली माती ढकलून टाकली, तिचे पातळ थर देऊन ते नीट दाबले नाहीत, तर तो भराव पोकळ राहतो आणि पावसाचे पाणी स्पंजासारखे पितो.

तुमच्या बाबतीत भरावाचा प्रश्न घर बांधण्याआधीच सुरू झालेला असण्याची शक्यता आहे, आणि ही गोष्ट मला पत्रातल्या इतर सर्व गोष्टींपेक्षा जास्त खटकली. वरच्या अंगाने जाणारा तो रस्तासुद्धा कधीतरी डोंगर कापून आणि ती माती दरीच्या बाजूला लोटूनच केला असेल. डोंगरातल्या रस्त्याचा आतला अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि बाहेरचा अर्धा अशा लोटलेल्या मातीवर असतो, हे नेहमीचेच आहे. तुमच्या सासऱ्यांनी पाहिलेली भेग नेमकी त्या बाहेरच्या कडेखाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या थ्रेडबो या डोंगरगावात ३० जुलै १९९७ च्या रात्री अशाच एका रस्त्याचा भराव सुटला, खालच्या दोन इमारती त्याखाली गेल्या आणि १८ माणसे दगावली. चौकशीत निष्पन्न झाले की रस्त्याच्या भरावातून जाणारी पाण्याची वाहिनी गळत होती आणि त्या पाण्याने भराव भिजून गेला होता. ते पाणी पावसाचे नव्हते, नळाचे होते. म्हणून त्या जागी पुन्हा जाल तेव्हा दरीकडे पाठ करून रस्त्याकडे पाहा. गटार आहे का, त्याचे पाणी कुठे सोडले आहे, रस्त्याखालच्या मोरीचे तोंड तुमच्या जागेकडे उघडते का, रस्त्याच्या कडेवर डांबराला लांबट तडे गेले आहेत का, कठडा कुठे बाहेर झुकला आहे का? तुमच्या जागेची हद्द खुणेच्या दगडापाशी संपते, पण तुमच्या घराला धोका देणारा उतार रस्त्याच्याही वर सुरू होत असेल.

‘दोन फुटांवर कातळ’ याबद्दल मला तीन शंका आहेत. पहारीला लागलेला दगड कातळच आहे की मातीत रुतलेला मोठा धोंडा? वरून घरंगळत आलेल्या मातीत बैलगाडीएवढे धोंडे सापडतात आणि पहार दोन्हींवर सारखीच खणखणते. दुसरी शंका, कातळ असलाच तर तो कशा स्थितीत आहे; वरचा भाग झिजून मुरूम झालेला असेल तर त्याला कातळ म्हणणे म्हणजे नुसते नाव देणे आहे. आणि तिसरी, जी अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते: त्याचे थर आणि फटी कुठल्या दिशेला कललेल्या आहेत? टेबलावर पुस्तकांची चळत ठेवून टेबल एका बाजूने उचलले, तर पुढच्या कडेला आधार आहे तोवर पुस्तके थांबतात. तो आधार काढला की एकावरून एक घसरतात. खडकाचे थर उताराच्याच दिशेने, पण उतारापेक्षा कमी कलाने झुकलेले असतील, तर घरासाठी केलेली कापणी नेमका तो पुढचा आधार काढून टाकते. तेच थर डोंगराच्या आत झुकलेले असतील, तर तीच कापणी पुष्कळ सुखरूप ठरते. दोन्ही ठिकाणी ठेकेदार ‘कातळ आहे’ एवढेच म्हणेल, आणि दोन्ही ठिकाणी तो खरेच बोलत असेल.

आणखी एक गोष्ट. पायासाठी उथळ कातळ ही चांगली बातमी आहे, भरावासाठी ती वाईट असू शकते. मुरलेले पाणी कातळापाशी अडते आणि त्याच्या पाठीवरून वाहू लागते. तिरक्या, गुळगुळीत, ओल्या कातळावर तीन मीटर सुटी माती रचली आणि कातळात पायऱ्या खोदून तिला बसण दिली नाही, तर ती तिथे कशाच्या आधाराने थांबणार?

शेजारच्या घराच्या दाखल्याला मी किंमत देतो, पण थोडी. वीस वर्षांत अतिवृष्टीचा एखादा फारच वाईट आठवडा आलाच असेल असे नाही. त्या घराखाली भराव आहे की नाही, आपल्याला माहीत नाही. त्यांच्या कातळाचा कल तुमच्यासारखाच असेल असेही नाही. झाडे तोडून बांधलेल्या जागी तर धोका उशिरा येतो, कारण मुळे मातीला बांधून ठेवतात आणि तोडलेल्या झाडाची मुळे कुजून निकामी व्हायला काही वर्षे जातात. तरीही शेजाऱ्यांकडे जरूर जा. मात्र ‘घर चांगले आहे ना?’ असे विचारू नका, कारण स्वतःच्या घराला कोणी वाईट म्हणत नाही. पावसाळ्यात कुठले दार अडकते का, एकाच भिंतीतली भेग पुन्हा पुन्हा लिंपावी लागते का, अंगणातली फरशी घरापासून सुटली आहे का, पाण्याची वाहिनी वरचेवर एकाच ठिकाणी फुटते का, हे विचारा.

आता भिंत. ठेकेदाराने ती सर्वांत शेवटी आणि सर्वांत सहज सांगितली, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. तीन मीटर उंचीच्या भिंतीला मागची कोरडी, चांगली माती दर मीटर लांबीमागे साधारण पावणेतीन टनांनी रेटते. त्याच मातीत माथ्यापर्यंत पाणी साठले, तर रेटा सहा टनांच्या घरात जातो, दुपटीहून अधिक. बहुतेक भिंती मातीला हरत नाहीत, पाण्याला हरतात. म्हणून भिंतीमागे खडी-गोट्यांचा पाझर-थर, तो मातीने बुजू नये म्हणून गाळणीचे कापड, तळाशी छिद्रांचा पाइप आणि भिंतीतून पाणी निघायची भोके, एवढे सगळे नकाशात दाखवलेले नसेल तर ती भिंत अपुरी समजावी. आणि एवढे सगळे असले तरी ती फक्त स्वतःमागची माती धरते. सरकण्याची पातळी, म्हणजे जिच्यावरून वरची माती घसरते ती जमिनीतली सपाटी, भिंतीच्या पायाखालून जात असेल, तर भिंत, भराव आणि घर, तिन्ही एकत्र खाली जातात. कॅलिफोर्नियातल्या ला काँचिता या वस्तीवर १९९५ मध्ये दरड आली, घरे गेली पण जीवितहानी झाली नाही. रस्त्यावर येणारी माती अडावी म्हणून नंतर पायथ्याशी भिंत बांधली गेली. डोंगर धरून ठेवण्यासाठी ती नव्हतीच. जानेवारी २००५ मध्ये मुसळधार पावसानंतर त्याच जुन्या दरडीची माती पुन्हा सुटली, भिंत ओलांडून वस्तीत घुसली आणि १० माणसे गेली. एकदा सरकलेली जमीन पुन्हा सरकते, हे त्यातले ध्यानात ठेवण्यासारखे. सरकलेल्या मातीची त्या पातळीवरची पकड पहिल्यासारखी उरत नाही.

ती पातळी दिसते कशी, हे मी एकदा चाचणीच्या खड्ड्यात पाहिले आहे. वरून जागा देखणी होती, गवत दाट होते, कुठेही भेग नव्हती. खड्डा आधार देत देत अडीच मीटरांपर्यंत नेला, तेव्हा पिवळट मुरमात करड्या चिकणमातीची दोन बोटे जाडीची पट्टी लागली. सुरीने तिचा एक ढेकूळ उचकटला, तर तो कुठल्याही जागी न तुटता एका सपाट पृष्ठावर अलगद सुटला. ते पृष्ठ अंगठ्याने पुसले. घोटलेल्या पाटीसारखी चकाकी होती आणि तिच्यात उताराच्या दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा. त्या रेघा म्हणजे जमीन पूर्वी कधीतरी त्या पृष्ठावरून घसरली होती, त्याची सही होती. घराचा मालक माझ्या शेजारीच उभा होता. त्याला काही समजावून सांगावे लागले नाही. त्याने स्वतःचा अंगठा त्या रेघांवरून फिरवला आणि बराच वेळ गप्प राहिला. तो खड्डा खणला नसता, तर त्याच जागी त्याचे घर उभे राहिले असते.

तुम्हाला नेमके असेच कोणीतरी हवे आहे, जे त्या जागेत खोल पाहील. घराचे स्तंभ-तुळया काढणारा संरचना अभियंता आवश्यकच आहे, पण हे काम त्याचे नाही. जमिनीचा अभ्यास करणारा जिओटेक्निकल इंजिनिअर आणि शक्य असेल तर सोबत भूवैज्ञानिक हवा. त्यांची फी ऐकून पहिल्यांदा जड वाटेल. ती जागेच्या किमतीशी नव्हे, तर घराच्या संपूर्ण खर्चाशी आणि आत झोपणाऱ्या माणसांशी ताडून पाहा. अहवाल हाती येईल तेव्हा घाबरून न जाता काही गोष्टी त्यात शोधा. बोअर, म्हणजे जमीन तपासण्यासाठी पाडलेली भोके, किती खोल घेतले? ते संभाव्य सरकत्या पातळीच्या खाली, पक्क्या खडकात काही मीटर गेलेले असावेत. घराच्या पायापुरतेच घेतले असतील तर त्यांनी पायाची चौकशी केली आहे, उताराची नाही. डोंगराचा उभा छेद काढला आहे का, आणि तो तुमच्या हद्दीच्या वर व खालीही जातो का? पाण्याची पातळी कुठली धरली आहे, बोअर घेतला त्या कोरड्या दिवसाची की भर पावसातली? बोअरमध्ये ट्यूब बसवून एक पावसाळाभर पाण्याची पातळी नोंदवता आली, तर त्यासारखे दुसरे काही नाही. आणि सुरक्षा गुणांक एकच दिला आहे की तीन: आजच्या उताराचा, कापणी उघडी असतानाचा आणि घर पूर्ण झाल्यानंतरचा? मधल्या अवस्थेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि मजूर कापणीखाली उभे असतात ते नेमके तेव्हाच. जिथे भूकंपाचा संभव आहे, तिथे त्याचा वेगळा हिशेबही मागा.

तज्ज्ञ येण्याआधी तुम्ही दोघांनी सासऱ्यांना बरोबर घेऊन ती जागा एकदा पावसात पाहावी, अर्थात मुसळधार पाऊस चालू असताना उताराखाली न थांबता. कोरड्या दिवसांतही हिरवेगार राहणारे लव्हाळ्याचे पट्टे, मध्येच फुटलेला पाझर, पायथ्याशी उंचसखल लाटांसारखी झालेली जमीन, रांगेत असायला हवे होते पण झुकलेले खांब, बुंध्याशी धनुष्यासारखी वाकून मग सरळ गेलेली झाडे: यांतले एखादे चिन्ह एकटे असेल तर त्याला दुसरे कारण असू शकते, झाड तर उजेडासाठीही वाकते. तीन-चार चिन्हे एकाच पट्ट्यात आली, तर मात्र जमीन हळूहळू चालते आहे असे समजावे. मातीत विटांचे तुकडे, प्लास्टिक, डांबराचे ढेप सापडले, तर तो भराव आहे हे वेगळे सांगायला नको. वरून येणारी ओघळ किंवा घळ तुमच्या जागेवर उघडत असेल, तर आणखी सावध व्हा, कारण पाण्याबरोबर दगडमाती त्या वाटेने येते आणि तुमचा स्वतःचा उतार कितीही पक्का असला तरी तिला अडवत नाही.

समजा अहवाल अनुकूल आला. तरीसुद्धा ठेकेदाराची योजना आहे तशी स्वीकारू नका, असेच मी म्हणेन. घर उताराला बसवता येते, उतार घराला बसवण्याची गरज नसते. दोन-तीन पातळ्यांवर पायऱ्यांसारखे उतरणारे घर, किंवा खालची बाजू पक्क्या खडकात रोवलेल्या खांबांवर उचललेले घर, यांत कापणी थोडी होते आणि भराव जवळपास लागतच नाही. निघालेली माती उतारावर न लोटता उचलून बाहेर न्यावी. कापणी कोरड्या ऋतूत, छोट्या टप्प्यांत, एक टप्पा आधारून मग दुसरा, अशीच व्हायला हवी. जेसीबीने दोन दिवसांत सगळा उतार उघडा करून ठेवायचा आणि भिंत सवडीने बांधायची, हे चालू देऊ नका. उताराच्या कडेपासून आणि पायथ्यापासून अंतर राखायचे ते किती, याला एक ढोबळ माप म्हणून अमेरिकेतली निवासी बांधकाम संहिता पाहण्यासारखी आहे: तीन फूट आडव्या अंतरात एक फूट, याहून तीव्र उतार असेल, तर पायथ्यापासून घर उताराच्या उंचीच्या निम्म्या अंतरावर (१५ फुटांहून अधिकाची सक्ती नाही), आणि माथ्यावर पाया कडेपासून उंचीच्या एक तृतीयांश अंतरावर (४० फुटांहून अधिकाची सक्ती नाही). हे किमान आहे, अभ्यासाला पर्याय नाही.

आणि पाणी! घर म्हणजे उतारावर बसवलेला पाण्याचा नवा उगम असतो, हे नकाशा काढताना फार थोड्यांच्या लक्षात येते. छपराच्या पन्हळी, मोरीचे सांडपाणी, बागेचे शिंपण, टाकीचा ओव्हरफ्लो, सगळे आजवर जिथे नव्हते तिथे येणार. शोषखड्डा उतारावर करू नका. उताराच्या ज्या पोटात पाणी कोंडायला नको, तिथेच तो रोज पाणी भरतो. छपराचे आणि अंगणाचे पाणी बंद पाइपातून थेट पायथ्याच्या नैसर्गिक ओढ्यापर्यंत न्या, घराच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारी चर काढा, आणि जमिनीखालच्या वाहिन्यांना लवचीक जोड द्या, म्हणजे थोडीशी हालचाल झाली तरी त्या फुटणार नाहीत.

अहवाल प्रतिकूल आला, तर जागा सोडावी. काही उतार मुळांसारखे खोलवर जाणारे लोखंडी दांडे, आडवे निचरा-पाइप, अगदी पायथ्याशी, सरकत्या मातीला अडवणारे वजन अशा उपायांनी सावरता येतात. पण तो खर्च एका घराच्या कुवतीपलीकडे जाऊ शकतो, आणि सरकणारा भाग तुमच्या हद्दीबाहेर असेल, तर तुम्हाला तो करताही येणार नाही. म्हणूनच संपूर्ण रक्कम देण्याआधी, तपासणी करू देण्याची आणि निकाल वाईट आला तर व्यवहार मोडण्याची मुभा लेखी घ्या. विकणारा त्याला तयार नसेल, तर ते नकार देणेही तुमच्या माहितीत भर घालणारेच आहे. दरीचे ते दृश्य तुमच्या मनात किती बसले आहे, हे पत्राच्या पहिल्या परिच्छेदातूनच कळते. म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटते, पण मोह वाटला म्हणून उताराचा गुणांक बदलत नाही.

ज्यांची घरे अशा उतारावर आधीच उभी आहेत, अशा वाचकांनी निदान पाण्याचे काम आजच हाती घ्यावे, कारण सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक फरक त्यानेच पडतो. आणि संततधार पावसात दारे अचानक अडू लागली, नवी भेग तासातासाला रुंदावू लागली, स्वच्छ झरा एकाएकी गढूळ झाला किंवा आटला, झाडे मोडल्याचे आवाज येऊ लागले, तर सामानाचा विचार न करता घरातल्या सगळ्यांना घेऊन उताराच्या आडव्या दिशेने, त्याच्या वाटेबाहेर निघून जावे.

आता तुमची भेग. विकणाऱ्याला सांगून, तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट अंतरावर लोखंडी सळीचे दोन तुकडे जमिनीत घट्ट ठोका, सळ्यांच्या माथ्यावर रंगाने खुणा करा. भेग जिथे वाकते तिथे आणखी एक जोडी ठोका. दोन सळ्यांमधले अंतर मिलिमीटरपर्यंत मोजा आणि एका वहीत तारखेसह लिहा. एकीपासून दुसरीपर्यंत पाण्याच्या लेव्हल-ट्यूबने उंचीतला फरकही नोंदवा. दर आठवड्याला, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी, पुन्हा मोजा. हे काम सासऱ्यांवर सोपवले तर ते नीट होईल असे मला वाटते, पहिल्यांदा भेग त्यांनाच दिसली. अंतर वाढत गेले तर कळेलच. वाढले नाही, तरी ती वही बोअर घेणाऱ्या अभियंत्याच्या हाती द्या, आणि तोवर जेसीबी त्या उतारावर चढू देऊ नका.